उभ्या गाडीची थरथर

मुंबई-गोवा महामार्ग सोडून मालवणला जाणाऱ्याला कसालला वळावे लागते. पुढे कट्टा, चौके आणि मग समुद्राचा खारा वारा. या महामार्गाचा जुना क्रमांक १७ होता, २०१० साली तो ६६ झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत दोन पदरांचे चार पदर झाले. रस्ता रुंद झाला की थांबणे कमी होईल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जेथे जेथे हा रस्ता ओलांडावयाचा, तेथे तेथे दोन्ही अंगांच्या भरधाव वाहनांत फट पडेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून उभे राहणे नशिबी आले. गाडी उभी, इंजिन चालू आणि चालकाच्या हातांना काही काम नाही. गाडी धावत असताना वारा, टायर, खड्डे आणि मागच्या आसनावरील मंडळींचे संभाषण यांच्या गलबल्यात जे लपून राहते, ते अशा वेळी उघडे पडते. स्टिअरिंगला कंप सुटलेला असतो, आरशातले चित्र धूसर होते, आसनातून पाठीच्या कण्यापर्यंत बारीक थरथर चढत जाते.

धर्मगुरूकडे माणसे केवळ आध्यात्मिक अडचणी घेऊन येतात, हा समज शहरी आहे. आमच्या भागात विहिरीच्या पंपापासून पासपोर्टच्या अर्जापर्यंत काहीही घेऊन माणूस दारात उभा राहतो. "फादर, गाडी उबी रवली की थरथरता," ही तक्रार गेल्या काही वर्षांत आमच्या कानी वारंवार येऊ लागली, आणि ती करणाऱ्यांत गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांचे मालक अधिक आहेत. त्याला कारण आहे. २०१४ साली सेलेरिओच्या रूपाने स्वस्त 'ऑटोमॅटिक' आली आणि पूर्वी श्रीमंतांच्या दारात दिसणारी ही सोय सामान्य घरांत शिरली. मुलगा आखातात, घरी दोघेच वृद्ध, कोणाचा गुडघा दुखरा, कोणाची कंबर. अशा घरांना क्लचच्या जाचातून सुटका हवीच होती. मात्र सोय घरात आली तरी तिची ओळख अजून झालेली नाही. 'ऑटोमॅटिक' या शब्दाभोवती एक गूढ वलय आहे, आणि गाडी थरथरू लागली की घरातल्या प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो गिअरबॉक्सचा. गाडीतल्या महागड्या वस्तूंपैकी ती एक, आणि दुर्दैवाने पहिला आळही तिच्यावरच येतो.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. क्लच दाबणे अशक्य. पत्नीला आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते. मुलाने परदेशातून पैसे पाठवून दहा वर्षे वापरलेली एक ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. वर्षभर ती बरी चालली आणि मग थांबली की कापू लागली. डायलिसिस करून परतणाऱ्या माणसाच्या अंगात त्राण उरलेले नसते. त्या अवस्थेत मिनिटभराची थरथरही त्या माउलीला सोसवेना. प्रत्येक थांब्याला त्या दाराची मूठ घट्ट धरून डोळे मिटून घेत. मास्तर गाडी एका ठिकाणी घेऊन गेले. तेथे चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून पैसे घेतले गेले. वाचकांनी क्षणभर विचार करावा. गाडी उभी आहे, चाके फिरतच नाहीत, मग त्यांचा असमतोल थरथर कसा निर्माण करणार? ताशी ८० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरले तर चाकांकडे पाहावे. उभ्या गाडीत जे फिरते आहे त्याचीच चौकशी करावयाची. दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजात बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान झाले: गिअरबॉक्स गेला, सव्वा लाख रुपये. मास्तरांनी गाडी विकून टाकण्याचे ठरवले. विकली असती तर आठवड्यातून दोनदा भाड्याची गाडी, आणि ती न मिळाली तर डायलिसिसची खेप चुकणे. प्रश्न आरामाचा राहिला नव्हता.

सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या कारणशोधाच्या रीती शिकवल्या होत्या. त्यांपैकी एक भेदाची रीत. दोन प्रसंग घ्यावे, त्यांत एक गोष्ट सोडून बाकी सर्व समान ठेवावे. एका प्रसंगी परिणाम दिसला आणि दुसऱ्या प्रसंगी दिसला नाही, तर त्या एका गोष्टीचा कारणाशी संबंध आहे असे समजावे. परीक्षेपुरती पाठ केलेली ही रीत आम्ही प्रत्यक्षात वापरताना पाहिली ती कसालजवळच्या एका मिस्त्रीकडे. त्याने मिलचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. मास्तर बॉनेटची कळ शोधू लागताच तो म्हणाला, "बॉनेट रवांदे, मास्तरांनू. आदी गाडी काय सांगता ता आयकाया." आणि तो शेजारच्या आसनावर जाऊन बसला.

सपाट जागा, इंजिन चांगले तापलेले, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. गिअरची मूठ 'डी'वर असताना थरथर स्पष्ट होती. 'एन'वर आणली, दोन क्षणांत ती जवळजवळ नाहीशी झाली. पुन्हा 'डी', पुन्हा थरथर. असे त्याने तीन वेळा करविले. मग 'आर', म्हणजे मागे जाण्याचा गिअर; त्यात थरथर होती, पण निम्म्याहून कमी. मग पुन्हा 'डी'वर ठेवून एसी लावला. थरथर वाढली आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा खाली येऊन हेलकावे खाऊ लागला. एसी बंद केल्यावर काटा स्थिरावला, पण 'एन'वर ७५० दाखवणारा काटा 'डी'वर ६०० च्या आसपासच रेंगाळत होता. एवढ्यात पंधरा मिनिटे गेली आणि एकही पाना हातात घेतला गेला नव्हता.

या उत्तरांचा अर्थ समजण्यासाठी अशा गाडीच्या पोटात काय असते ते थोडे पाहिले पाहिजे. विजेचा एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. वाऱ्याऐवजी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात, अशी जुन्या घडणीच्या ऑटोमॅटिक गाडीतील टॉर्क कन्व्हर्टरची ढोबळ कल्पना आहे. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. गाडी थांबते तेव्हा इंजिनाकडचा पंखा फिरतच असतो आणि चाकांकडचा आपण ब्रेकने धरून ठेवलेला असतो. म्हणजे 'डी'वर उभी असलेली गाडी खरे तर पुढे जाऊ पाहत असते. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाने पाठीवरचे ओझे खाली ठेवू नये, तसे इंजिनाला हे ओझे सतत पेलावे लागते. 'एन'वर ते उतरते. तेव्हा 'एन'वर शांत आणि 'डी'वर थरथरणारी गाडी सांगते आहे ते असे: माझी आग नीट पेटते आहे, पण ओझे पडले की मला सांभाळता येत नाही, किंवा मला ज्यावर बसवले आहे ते मला सांभाळीत नाही.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट घट्ट बसवलेले नसते. मध्ये रबराच्या गाद्या असतात. गॅरेजात त्यांना माउंटिंग म्हणतात, काही जुने मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. काही गाद्यांच्या पोटात द्रवही भरलेला असतो. इंजिनाचे धक्के या गाद्यांनी गिळावे आणि प्रवाशापर्यंत पोहोचू देऊ नयेत, अशी योजना. 'डी'वर इंजिन एका अंगाला रेलते, 'आर'वर दुसऱ्या अंगाला. एकाच दिशेला थरथर अधिक असेल, तर त्या अंगाची गादी फाटली असावी, हा तर्क येथूनच निघतो.

फेऱ्या उतरण्याचा मुद्दाही येथे जोडून घेतला पाहिजे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्या घेत असेल तर त्यात सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. ६०० वर आले की २०. माजघरातल्या झोपाळ्याला स्वतःचा एक ताल असतो. त्या तालाशी जुळवून बोटाने ढकलले तरी तो उंच जातो, आणि तालाबाहेर दोन्ही हातांनी ढकलले तरी जात नाही. रबरावर बसवलेल्या इंजिनाचाही असा डोलण्याचा ताल असतो आणि तो मुद्दाम ठिणग्यांच्या गतीपेक्षा बराच कमी ठेवलेला असतो. फेऱ्या उतरल्या की दोन ताल एकमेकांच्या जवळ येतात. म्हणूनच अॅक्सिलरेटरला किंचित स्पर्श करताच थरथर पळून गेल्यासारखी वाटते. काही ठिकाणी हाच उपाय म्हणून देतात, म्हणजे फेऱ्या कायमच्या वाढवून ठेवतात. साध्या गाडीत त्याने पेट्रोल जाते. ऑटोमॅटिक गाडीत त्यासोबत गाडी ब्रेकवर अधिक जोराने रेटू लागते, आणि वृद्ध चालकाच्या पायाखाली हे बरे नव्हे.

मग बॉनेट उघडले गेले. मास्तर ब्रेकवर पाय घट्ट रोवून बसले, हँडब्रेक ओढलेला, मिस्त्री गाडीच्या बाजूला उभा. समोर उभे राहायचे नाही, हे त्याने आम्हालाही दरडावून सांगितले, आणि धर्मगुरू म्हणून आम्हाला सवलत दिली नाही. 'एन'वरून 'डी'वर जाताच इंजिन एका बाजूला चांगलेच कलले. गिअरबॉक्सकडची गादी चिरली होती. तिच्या पोटातील द्रव गळून खाली काळसर ओघळ वाळला होता. इंजिनात हवा घेणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती काजळीचा थर होता. अलीकडच्या गाडीत उभ्या अवस्थेतील हवा त्या झडपेच्या अगदी अरुंद फटीतून जाते. काजळीने फट बुजत गेली की गाडीतील संगणक झडप थोडी अधिक उघडून सांभाळून घेतो. त्याच्या सांभाळण्याला मर्यादा आली की फेऱ्या उतरतात, आणि एसीचा भार पडला की अधिकच.

पुढे मिस्त्रीने जे केले त्यासाठी आम्हाला त्याचे विशेष कौतुक वाटते. दोन्ही दोष दिसत असूनही त्याने त्या दिवशी फक्त थ्रॉटल बॉडी स्वच्छ केली, संगणकाला नवी स्थिती शिकवून घेतली आणि मास्तरांना आठवडाभर गाडी चालवायला सांगितली. काटा 'डी'वर ७०० ला स्थिर राहू लागला, थरथर निम्मी उरली. मग गादी मागवून बदलली. उरलेली थरथरही गेली. सगळा खर्च दहा हजारांच्या आत आटोपला. गिअरबॉक्सला कोणी हात लावला नाही. दोन्ही कामे एका दिवशी केली असती तरी गाडी बरी झालीच असती. पण कशाने किती गुण आला हे मास्तरांना कळले नसते, आणि पुढच्या खेपेस पुन्हा कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागले असते.

हा सारा हिशेब टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचा. आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांपैकी बऱ्याचशा एएमटी जातीच्या आहेत, आणि त्यांची कथा निराळी आहे. त्यांत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही साधाच. फक्त तो दाबण्याचे काम माणसाच्या पायाऐवजी एक यंत्र करते. ब्रेक दाबून गाडी उभी असली की ते यंत्र क्लच सोडवून ठेवते. म्हणून या गाडीत 'डी' आणि 'एन' यांत थरथरीचा फरक पडता कामा नये. पडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजून त्या यंत्राची जुळणी तपासून घ्यावी. ब्रेकवर गाडी शांत आहे, पण पाय उचलून ती मुंगीच्या पावलांनी सरकू लागताच हिसके देते, तर क्लचची प्लेट पाहावी. दोन्हींत सारखीच थरथर असेल तर दोष इंजिनाकडे किंवा गाद्यांकडे. तेव्हा आपली गाडी कोणत्या जातीची, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून ठेवणे ही पहिली पायरी होय. दुकानदाराने 'ऑटोमॅटिक' म्हटले एवढ्यावर थांबू नये.

'एन'वरही थरथर तशीच राहिली, तर तिचा प्रकार निरखावा. सारखा, बारीक, मोजता न येणारा कंप आणि मोजता येण्यासारखे ठोके यांत अंतर आहे. चारांपैकी एक सिलिंडर पेटत नसेल तर ७५० फेऱ्यांना सेकंदाला सहा-एक ठोके बसतात. मिस्त्री याला मिसिंग म्हणतात, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर धुराचा लंगडेपणा हाताला कळतो. प्लग, कॉईल, इंजेक्टर या क्रमाने पाहावे. येथे आमच्या कोकणचा एक खास आरोपी विसरता येत नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस गाडी पडवीत उभी राहते आणि उंदरांना ऊबदार घर मिळते. कुरतडलेली वायर किंवा हवेची रबरी नळी यांमुळे लंगडणारी गाडी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. नळीला छिद्र असेल तर बॉनेटखालून 'सूं' असा आवाज येतो. इतके साधे कारण असताना लोक वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर खापर फोडतात. त्या पेट्रोलविषयी काय बोलायचे ते बोलावे, पण आधी उंदराची चौकशी करावी. रेडिएटरच्या पंख्याचे पाते तुटले असेल, तर गिअर कोणताही असो, पंखा सुरू झाला की थरथर आणि थांबला की शांतता. ही खूण कोणालाही ओळखता येते.

काही थरथर मात्र जन्मजात असते. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरांची होती, आणि तिच्या कंपाची सवय एका पिढीच्या अंगवळणी पडली. आजही अनेक लहान गाड्या तीन सिलिंडरांच्या आहेत. टोकाचे दोन सिलिंडर एकाच वेळी सारखे वरखाली होत नसल्याने इंजिन समुद्रातल्या होडीसारखे पुढेमागे डोलू पाहते. गाद्या ते पुष्कळसे शोषून घेतात, सर्व नाही. चार सिलिंडरांच्या गाडीतून उतरून अशा गाडीत बसणाऱ्याला ती आजारी वाटते. खर्च करण्यापूर्वी त्याच बनावटीची, तेवढीच जुनी दुसरी गाडी शेजाऱ्याकडून दहा मिनिटे मागून घ्यावी आणि तिच्यात बसून पाहावे. बाहेर जे मिळत नाही ते अशा वेळी वाड्यावर मिळते.

दोन गोष्टींत वाट पाहू नये. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा सतत पेटून राहिला, तर सवडीने तपासून घेता येते. स्टिअरिंगखालच्या खोबणीत यंत्र जोडले की दोषाचा क्रमांक दिसतो. तोच दिवा लुकलुकू लागला तर गाडी कडेला घ्यावी. न जळालेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या शुद्धीकरण यंत्रात जाऊन तेथे पेटते आणि शे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी ते महागडे यंत्र वितळते. दुसरी गोष्ट, थांबल्यावर इंजिन बंद पडणे. थरथर वाढत जाऊन शेवटी हे घडू शकते, आणि ते घडते नेमके दुभाजकाच्या फटीत, जेव्हा मागे टेम्पो आणि समोर ट्रक असतो. घाबरलेला चालक 'डी'वरच किल्ली फिरवत राहतो. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या 'डी'वर सुरू होतच नाहीत. पाय ब्रेकवर, मूठ 'एन'वर, मग किल्ली, मग 'डी'. एवढेच करायचे असते, पण ते हाताला आधी ठाऊक असावे लागते.

मास्तरांची गाडी दुरुस्त झाल्यावर एका रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या रिकाम्या आवारात आम्ही त्यांना हा सराव करायला लावला. त्यांच्या पत्नी शेजारी बसून मोठ्याने 'ट्रक इलो, ट्रक इलो' असे ओरडत होत्या, आणि मुले भिंतीवर बसून हसत होती. चौथ्या खेपेस मास्तरांनी मुठीकडे न पाहता ते जमवले.